चिकनगुनिया, कोविड आणि मनाच्या गोळ्या: जास्त न घेताही विषबाधा होते, हे कोणी सांगत का नाही?

संत्रासाल
सध्या नागपुरात घराघरात चिकनगुनिया आहे आणि जो तो सांधे धरून बसलाय, मेडिकल स्टोअरवर जाऊन "दुखण्याची गोळी द्या" म्हणून घेऊन येतोय. ते पाहून २०२१ चा एप्रिल आठवला म्हणून हा धागा.

मानसिक आजाराच्या औषधांची विषबाधा म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच येतं, कोणीतरी रागाच्या भरात नाहीतर निराशेत गोळ्या घेतल्या. ते होतं, कोविडमध्ये पण झालं, त्यावर कोणाला लिहायचं असेल तर जरूर लिहा. पण मला बोलायचंय ते दुसऱ्या प्रकारावर. डॉक्टरने लिहून दिलेली, वर्षानुवर्षं अंगी लागलेली, एकही जास्त न घेतलेली गोळी अंगात साचत जाते आणि घरच्यांना वाटतं की हा तापाचा वीकनेस आहे.

माझे मामा बायपोलरसाठी लिथियमवर. लिथियम म्हणजे शेवटी एक क्षारच. किडनी त्याला मिठासारखंच वागवते, त्यामुळे शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी मीठ धरून ठेवते आणि त्याच्यासोबत लिथियम पण धरून ठेवते. रक्तातली लेव्हल साधारण ०.६ ते १.० मध्ये ठेवायची असते, दीडच्या वर गेलं की धोका सुरू. म्हणजे औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यात अंतर किती, तर जवळजवळ नाहीच.

तर एप्रिल २१ मध्ये मामा पॉझिटिव्ह आले, वरच्या खोलीत आयसोलेशन, ताप, जुलाब, जेवण नाही, कूलर पण बंद कारण कोणीतरी सांगितलं होतं कूलरने छातीत कफ होतो. अंग दुखतं म्हणून डायक्लोफिनॅक चालू. आणि लिथियम अगदी वेळेवर, कारण मामी त्या बाबतीत एकदम कडक, सकाळ-संध्याकाळ दाराबाहेर पाण्याच्या ग्लासासोबत वाटीत गोळी ठेवलेली. मग मामांचा हात इतका हलायला लागला की चहा बशीत कमी आणि गादीवर जास्त, बोलणं जड, बाथरूमला जाताना भिंतीला धरून. फोनवरच्या डॉक्टरने सॅच्युरेशन विचारलं, एचआरसीटी स्कोर विचारला, दोन्ही ठीक होते. रोजच्या गोळ्या कोणत्या हे कोणी विचारलंच नाही. शेवटी ते आम्हाला ओळखेनात तेव्हा ॲडमिट केलं आणि तिथल्या एका रेसिडेंट मुलीने जुनी फाईल पाहून लिथियम लेव्हल पाठवली. डायलिसिस करावं लागलं.

जगले. पण चालताना अजून तोल जातो आणि सही पहिल्यासारखी येत नाही, बँकेत दरवेळी कटकट.

माझं म्हणणं इतकंच की गोळी तीच होती, डोस तोच होता. तिच्या आजूबाजूला जे लोक लक्ष ठेवून असतात ना, दर काही महिन्यांनी रक्त तपासणारी लॅब, समोर बसवून हात पुढे करायला लावणारा डॉक्टर, चेहरा ओळखणारा केमिस्ट, ते सगळे कोविडने एका झटक्यात बाजूला केले. तुमच्या घरी असं काही झालं का?

तर्री_पोहे
ताई लै कामाचं लिहिलं. पण मले एक समजून नाही राह्यलं, उन्हाळा तर नागपुरात दरवर्षीच असते ना, नवतपात पारा ४७ ले टेकते, घाम तर तवाही निघते, मग सगळा दोष कोविडवर काऊन ढकलायचा?

मेडिकल_चौक
तर्री भाऊ, प्रश्न बरोबर आहे. मी तेव्हा सायकियाट्रीत शिकत होतो आणि अर्धा वेळ पीपीई किट घालून कोविड वॉर्डात होतो, म्हणून लिहितो.

उन्हाळ्यात लिथियमच्या केसेस दरवर्षी वाढतात, आमचे सर मार्चपासूनच पेशंटला मठ्ठा पी, मीठ एकदम तोडू नको, हे सांगायला लागायचे. पण दरवर्षी तो पेशंट ओपीडीला येतो. आम्ही हात पुढे करायला लावतो, चालायला लावतो, बारीक थरथर असेल तर ठीक, जाड थरथर दिसली की त्याच दिवशी लेव्हल. व्हिडिओ कॉलवर हात पाहिलेत कधी? नेटवर्कमुळे सगळ्यांचेच हात थरथरतात.

त्यात लेव्हल शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी काढायची असते, म्हणजे सकाळी गोळी न घेता लॅबला जायचं. लॉकडाऊनमध्ये कोण जाणार? लॅबवाले आरटीपीसीआर आणि डी-डायमरमध्ये बुडालेले. क्रिएटिनिन (किडनीचं), थायरॉईड, लिथियम या तपासण्या "नंतर बघू" मध्ये गेल्या आणि वर्षभर गेल्याच. तेवढ्या वेळात कोणाची किडनी मंदावली, कोणाला बीपीची नवीन गोळी सुरू झाली (लघवी वाढवणाऱ्या आणि बीपीच्या काही गोळ्यांनी पण लिथियम चढतं), कोणाला काळ्या बुरशीसाठी ॲम्फोटेरिसिन लागलं, ते तर किडनीवरच बसतं. उन्हाळा एकटा आला असता तर सांभाळलं असतं.

आणि दुखण्याची गोळी. आयबुप्रोफेन, डायक्लो, नेप्रोक्सेन, हे किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात आणि लिथियम आतच राहतं. तापाला पॅरासिटामॉल चालतं. हे वाक्य प्रत्येक लिथियमवाल्याच्या फाईलवर लाल पेनने लिहिलेलं असायला पाहिजे असं माझं मत आहे.

कोष्टीपुरा_एक्स्प्रेस
डॉक्टरसाहेब माझा लहान भाऊ क्लोझापीनवर आहे, स्किझोफ्रेनिया. पहिल्या लॉकडाऊनमध्ये अचानक लाळ गळणं, दिवसभर झोप, पोट साफ नाही, एकदा तर फिट आली. ताप नव्हता, कोविड निगेटिव्ह, डोस तोच. घरात सगळे एकमेकांवर संशय घेत होते की याला कोणी दोनदा गोळी दिली का. आईने तर डब्याला कुलूप लावलं. कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

मेडिकल_चौक
सिगरेट ओढायचा का?

कोष्टीपुरा_एक्स्प्रेस
हो, पाकीट-दीड पाकीट. पानठेले बंद झाले तेव्हा सुटली. खर्ऱ्यावर (तंबाखू-सुपारीवर) आला होता, खर्रा तर बंदी असूनही मिळत होता ना, फक्त भाव भल्ला झाला होता.

मेडिकल_चौक
मग बहुतेक कारण सापडलं. सिगरेट-बिडीच्या धुरात जे घटक असतात ते लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात चालवतात आणि क्लोझापीन लवकर फोडतात. म्हणून ओढणाऱ्या पेशंटला डोस जास्त लागतो. सिगरेट अचानक बंद झाली की काही दिवसांत ते एन्झाइम थंड पडतं आणि त्याच डोसवर रक्तातली लेव्हल चढते, कधीकधी दुप्पट पण होते. हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. त्यामुळे खर्रा खाऊन तलफ भागली तरी एन्झाइमच्या दृष्टीने तो नॉन-स्मोकरच झाला. तुमच्या भावाने सिगरेट सोडली हे चांगलंच झालं, पण ते डॉक्टरला कळवायला हवं होतं आणि तेव्हा कळवायचं कुठे हा प्रश्नच होता.

दुसरं, कोणत्याही मोठ्या इन्फेक्शनमध्ये, कोविड असो की न्यूमोनिया, सूज वाढली की तेच एन्झाइम दबतं. क्लोझापीनवाल्याला ताप आला तर त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि डॉक्टरला फोन करायचा. एकतर औषधाने पेशी कमी होऊन ताप आलेला असू शकतो, नाहीतर तापाने औषध चढत असतं. दोन्ही वाईट.

कोष्टीपुरा_एक्स्प्रेस
चार वर्षांनी कळतंय हे. आईला वाचून दाखवतो, ती अजून काकूवर संशय घेते 🙏

गंजीपेठ_गोळीवाला
मी दवाबाजारातला, होलसेल आणि थोडं रिटेल. आमची पण बाजू ऐका.

मार्च-एप्रिल २०२० मध्ये लोकांनी जशी साखर-तेल भरली तशा गोळ्या भरल्या. महिन्याची नेणारा तीन-चार महिन्यांची मागायचा, आणि त्याला नाही म्हणायचं तरी कसं, सतरंजीपुरा-मोमिनपुरा सील झालेलं, उद्या तो येऊ शकेल की नाही देव जाणे. त्यामुळे ज्या घरात एका वेळी एक-दोन पत्ते असायचे तिथे डबा भरला. डॉक्टर मुद्दाम पंधरा दिवसांचीच का लिहून देतात हे आम्हाला माहीत असतं, पण तो नियम त्या दोन वर्षांत पार मोडला.

दुसरी भानगड सप्लायची. नेहमीचा ब्रँड संपला की दुसरा द्यायचा. आजोबांकडे घरी जुन्या ब्रँडचा अर्धा पत्ता शिल्लक, वरून नवीन ब्रँड आला, नाव वेगळं रंग वेगळा, त्यांना वाटलं दोन वेगळ्या गोळ्या, दोन्ही सुरू. आत सॉल्ट एकच. लिथियममध्ये ३०० ची साधी आणि ४०० ची एसआर (पोटात हळूहळू सुटणारी) असते, साधी मिळाली नाही की लोक एसआर न्यायचे आणि गोळ्यांची संख्या तीच ठेवायचे. एसआर तोडून खाणारे पण पाहिलेत.

आणि सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे कापलेला पत्ता. दहाच्या स्ट्रिपमधून सहा गोळ्या कात्रीने कापून दिल्या की नाव एका तुकड्यावर, एक्स्पायरी दुसऱ्या तुकड्यावर. घरी कोणी बेशुद्ध झालं तर डॉक्टर विचारतो काय खाल्लं, आणि घरचे हातात चार गोळ्यांचा चांदीचा तुकडा घेऊन उभे, त्यावर फक्त "लेट्स ३०" एवढंच दिसतं. मी आता नावाचा भाग असलेला तुकडाच पेशंटला देतो, नाहीतर पाकिटावर पेनने लिहून देतो. बाकीचे हसतात, हसू द्या.

वैनगंगा
चर्चा छान चालली आहे पण घरातल्या मुलांचं पण बोलूया. शाळा बंद, पोरं दिवसभर घरात, आजीच्या गोळ्या टीव्हीखालच्या स्टीलच्या डबीत. माझ्या नणंदेच्या दोन वर्षांच्या पोराने आजीची झोपेची अर्धी गोळी तोंडात टाकली, तो डुलायला लागला तेव्हा कळलं. तेव्हा दवाखान्यात न्यायचं म्हणजे तिथून कोविड घेऊन येऊ ही भीती, सासरे म्हणाले थांबून पाहू. नणंदेने ऐकलं नाही, स्कूटीवर घेऊन गेली म्हणून बरं.

आणि मोठ्या मुलींचं मला जास्त वाटतं. भाचीची बारावी, ऑनलाइन क्लास, घरात बाबांची नोकरी गेलेली. तिने एका रात्री आईच्या गोळ्या घेतल्या. तपशील लिहीत नाही. वाचली, आता इंजिनिअरिंगला आहे, मस्त आहे. पण तो डबा इतका भरलेला नसता तर, असं गोळीवाले दादांचं वाचून सारखं मनात येतंय.

खामल्याचा_राजा
वैनगंगा ताई वाईट वाटलं वाचून. पण एक सांगतो, कोणती गोळी किती घेतली तर काय होतं हे लोकांना माहीत असलं तर उलट सावध राहतील ना? उदाहरणार्थ [संपादित]

संपादक मंडळ
वरच्या प्रतिसादातली औषधांची नावं आणि आकडे काढले आहेत. हेतू चांगला असेल, पण ती माहिती इथे राहणार नाही. हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात आत्ता स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर टेलि-मानस १४४१६ वर फोन करा, २४ तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कोणी गोळ्या घेतल्याच असतील तर लक्षणांची वाट न पाहता १०८.

खामल्याचा_राजा
ओके, समजलं. मग दुसरा मुद्दा. मी कुठेतरी वाचलं होतं की पहिल्या लॉकडाऊनमध्ये अशा केसेस उलट कमी झाल्या होत्या. मग महामारीने विषबाधा वाढली असं छातीठोक कसं म्हणता?

मेडिकल_चौक
कमी झाल्या म्हणण्यापेक्षा कमी पोचल्या म्हणा. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये इमर्जन्सीत येणारे सगळ्याच आजारांचे पेशंट आदल्या वर्षीपेक्षा ४२ टक्क्यांनी घटले होते. हार्ट अटॅक काय लॉकडाऊन पाहून थांबले होते का? लोक घरीच बसले. काही प्रमाणात खरोखर कमी झालं पण असेल, संकटात सुरुवातीला लोक एकमेकांना धरून राहतात असं दिसतं. पण पुढचं पण पाहा. त्याच अमेरिकेत फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्ये १२ ते १७ वयाच्या मुलींचं आत्महत्येच्या प्रयत्नाच्या संशयावरून इमर्जन्सीत येणं २०१९ च्या तुलनेत निम्म्याने वाढलं होतं. मुलग्यांमध्ये तेवढी वाढ नव्हती. वैनगंगा ताईंना जे दिसलं ते एकट्या नागपूरचं नाही.

लिथियमसारख्या साचणाऱ्या विषबाधेत उशीर हाच सगळा खेळ. तिथे विष शोषून घेणारा कोळसा पाजून उपयोग नाही, कोळशाला लिथियम चिकटतच नाही. सलाईन, आणि लागलं तर डायलिसिस. आणि मेंदूत शिरलेलं लिथियम हळू निघतं, रक्ताचा रिपोर्ट सुधारला तरी माणूस लगेच सुधारत नाही, काहींचा तोल कायमचा जातो. संत्रासाल ताईंच्या मामांचं तेच झालं असावं.

तर्री_पोहे
आमच्या वणीचं विसरले काय सगळे? एप्रिल २१ मध्येच दारूची दुकानं बंद म्हणून सॅनिटायझर पिऊन सात माणसं गेली यवतमाळ जिल्ह्यात. ते मनाच्या गोळीचं नाही हे मले समजते, पण दारू एकदम तुटली की माणूस बडबडते, झटके येते, त्यालेही सायकियाट्रीचंच औषध लागते ना. ते भेटलं असतं तर सॅनिटायझर कोण पेते राजेहो.

मेडिकल_चौक
शंभर टक्के सहमत. तुमच्या मुद्द्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

व्हॉट्सॲप फॉरवर्डवाल्यांचं पण एक सांगून ठेवतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्राझीलच्या ट्रायलची बातमी आली की फ्लुवोक्झामिन, जे मुळात ओसीडी आणि डिप्रेशनचं औषध, ते कोविडमध्ये उपयोगी दिसतंय. लगेच लोक विचारायला लागले. पुढे अमेरिकेच्या एफडीएने त्याला आपत्कालीन मंजुरी नाकारली, मे २०२२ मध्ये. पण फ्लुवोक्झामिन हे नेमकं ते सिगरेटवालं एन्झाइम दाबणारं औषध आहे. क्लोझापीनवरच्या माणसाने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ते सुरू केलं असतं तर? विचार करून बघा.

धंतोली_टाइमपास
सगळं वाचलं. मला भीती वेगळीच वाटते. हे वाचून कोणीतरी उद्या सकाळी आपली गोळीच बंद करेल. आमच्याकडे आधीच "मेंदूच्या गोळ्या वाईट" म्हणणारे पाहुणे कमी आहेत का?

गंजीपेठ_गोळीवाला
बरोबर बोलले. कोविडमध्ये माल न मिळाल्याने बंद झालेले पण भरपूर पाहिले. झोपेच्या, घबराटीच्या गोळ्या एकदम बंद केल्या की फिट येऊ शकते. अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या गोळ्यांना आम्हाला एच-वन रजिस्टरमध्ये पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहावं लागतं, तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. त्यामुळे व्हॉट्सॲपवरचा अंधुक फोटो दाखवला तर पुष्कळ दुकानदार घाबरून देतच नव्हते. म्हणजे एकीकडे डबे भरलेले आणि दुसरीकडे गरजवंताला दहा गोळ्या मिळेना.

मेडिकल_चौक
टेलिमेडिसिनची (फोन-व्हिडिओवर तपासून औषध लिहून देण्याची) गाइडलाइन आली २५ मार्च २०२०, म्हणजे देशभर लॉकडाऊन लागला त्याच दिवशी. दुकानदारापर्यंत पोचायला वेळ लागणारच.

आणि धंतोली, चांगला मुद्दा काढला. बंद पडलेली गोळी परत सुरू करताना पण विषबाधा होते. क्लोझापीन ४८ तासांपेक्षा जास्त चुकली तर जुन्या डोसवर परत जायचं नसतं, अगदी थोड्यापासून चढवत न्यायची, नाहीतर बीपी कोसळतं, फिट येते. लॅमोट्रिजिन (बायपोलर आणि फिटची गोळी) बरेच दिवस सुटली असेल तर तेच, एकदम पूर्ण डोस घेतला तर अंगावर भयंकर पुरळ येऊ शकतं. लॉकडाऊनमध्ये गावाला अडकलेले लोक परत आले आणि "आता पुन्हा व्यवस्थित घेतो" म्हणून पूर्ण डोस सुरू केला, अशा केसेस आम्ही पाहिल्या. स्वतःच्या मनाने बंद नको आणि स्वतःच्या मनाने सुरू पण नको, आधी एक फोन करा.

संत्रासाल
धन्यवाद सगळ्यांना. मामांचं लिथियम आता बंद आहे, दुसरं औषध चालू आहे, पण खरं सांगायचं तर लिथियमवर ते जितके मामा होते तितके आता नाहीत. औषधाला शिव्या द्यायला हा धागा काढला नाही हे परत सांगते.

मानेवाडा_मधुरा
नवीन सदस्य आहे, घाईत लिहितेय. आईला लिथियम, बारा-तेरा वर्षं. चार आठवड्यांपूर्वी चिकनगुनिया झाला, ताप गेला पण सांधे धरलेत, तेव्हापासून डायक्लो दिवसातून दोनदा. परवापासून जुलाब आहेत आणि काल रात्री ग्लास हातातून पडला. बोलताना शब्द अडकतात. आम्हाला वाटलं अशक्तपणा.

मेडिकल_चौक
मधुरा ताई, लिथियमचा पुढचा डोस देऊ नका, डायक्लो बंद आणि आत्ताच्या आत्ता कॅज्युअल्टीला न्या. फोनवर कोणाचा सल्ला घेत बसू नका. तिथे पहिलं वाक्य हेच सांगा: लिथियमवर आहे, दुखण्याची गोळी चालू होती, जुलाब आहेत. लेव्हल, क्रिएटिनिन, सोडियम.

गंजीपेठ_गोळीवाला
घरातल्या सगळ्या गोळ्या, कापलेले तुकडे, बीपीच्या, आयुर्वेदिक पुड्या, सगळं एका पिशवीत टाकून सोबत न्या. निवडत बसू नका.

मानेवाडा_मधुरा
निघालो.

मानेवाडा_मधुरा
अपडेट. लेव्हल दीडच्या वर आली. ॲडमिट आहे, सलाईन चालू, डायलिसिसची गरज नाही असं आत्ता तरी म्हणतायत. पिशवीत डायक्लोचे दोन वेगवेगळ्या ब्रँडचे पत्ते निघाले, दोन्ही चालू होते. डॉक्टर म्हणाले सांध्यांसाठी आता फक्त पॅरासिटामॉल. आई शुद्धीवर आहे आणि म्हणतेय पॅरासिटामॉलने तिला काडीचा फरक पडत नाही.